बाकावरचा फोन

वायरमन आला तेव्हा मास्तर मैदानावर पोरांकडून फुटबॉलचे कॉर्नर घोटून घेत होते. त्यांनी आधी लक्षच दिलं नाही. वायरमन कुठेही खणत असतात आणि बहुतेक वेळा ते दिव्यांसाठी असतं. पण हा पठ्ठ्या गॅलरीच्या वरच्या काचेच्या खोलीपासून वायर ओढत ओढत थेट खाली राखीव खेळाडूंच्या बाकापर्यंत आला. मास्तरांच्या बसायच्या जागेला लागून, उजव्या हाताला, त्याने एक लोखंडी पेटी ठोकली आणि तिच्यात लाल फोन बसवला.

"कुणाचा हा?" मास्तरांनी विचारलं.

"शेठचा. म्हणजे तुमचाच. ते वरून बोलणार, तुम्ही इथे ऐकणार."

"आणि मला बोलायचं असलं तर?"

वायरमनने डोकं खाजवलं. "नंबर फिरवायची सोय नाही यात. वाजला की उचलायचा, एवढंच."

शेठ म्हणजे क्लबचे मालक. नुसते मालक असते तरी निभावलं असतं, पण ते मास्तरांच्या बायकोचे थोरले भाऊही होते. त्यामुळे दोघांची मोठी पंचाईत व्हायची. घरी आले की शेठ बहिणीच्या नवऱ्याला मान देऊन "भाऊजी, आधी तुम्ही घ्या," म्हणणार, आणि मास्तर त्यांना "दादा" म्हणणार. क्लबाच्या फाटकातून आत शिरलं की तेच शेठ "कोच, जरा वर या," म्हणून फर्मावणार आणि मास्तर "येतो शेठ," म्हणून जिना चढणार. एकाच माणसाला दिवसातून दोनदा वेगळं ओळखायचं म्हणजे डोक्याला ताप.

शेठ काही वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फरशांचा कारखाना त्यांनी शून्यातून उभा केला होता, आणि बुडत चाललेला क्लब विकत घेतला तोही गावच्या पोरांसाठीच. खोड एकच. पैसे आपण घातले म्हणजे अक्कलही आपलीच चालणार, असं त्यांना मनापासून वाटायचं. कारखान्यात ते खपून जात होतं. फरशी उलट बोलत नाही.

गोलकीपर मात्र बोलला. त्याचं नाव डिंक्या, कारण हातात आलेला चेंडू डिंकाने चिकटवल्यासारखा राहायचा. एकदा शेठ ड्रेसिंग रूममध्ये येऊन त्याला गोलकिक कशी मारायची ते शिकवायला लागले. डिंक्याने सगळं निमूटपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "शेठ, तुमच्या बुटाचा नंबर काय? आज तुम्हीच उतरा." सगळी खोली खो खो हसली. शेठही हसले, पण ओठांनी. त्या दिवसापासून डिंक्या त्यांच्या डोळ्यांत खुपू लागला.

पुढच्याच महिन्यात शेठनी बाहेरून एक नवा गोलकीपर आणला. उंच, देखणा, बसस्टॉपवरच्या जाहिरातीत शोभेल असा. तो सरावाला आला आणि मास्तरांना पहिल्याच दिवशी कळून चुकलं, की हा बाबा गर्दीत उंचावरून चेंडू आला की डोळे मिटतो. पोरं त्याला पोस्टर म्हणू लागली. मास्तरांनी सगळ्यांच्या देखत डिंक्याला शब्द दिला, "मी या बाकावर बसतोय तोवर गोलात तूच."

आणि मग बाकाशेजारी तो लाल फोन बसला.

मास्तर सामन्याच्या वेळी मोबाइल बंद ठेवत, म्हणून ही शक्कल. पहिल्याच सामन्यात तो कर्कश वाजला. सगळा बाक दचकला. मास्तर मैदानाकडे बघत बसून राहिले. फोन दमून थांबला आणि पुन्हा वाजला. मास्तरांच्या शेजारी त्यांचा सहायक बसायचा. त्याला सगळे होयबा म्हणत, कारण त्या माणसाने जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं. रेफरीने चुकीचा निर्णय दिला तरी तो मान डोलवायचा. बिचाऱ्याचा हात फोनकडे जायचा आणि मास्तरांकडे बघून मागे यायचा.

"मास्तर, शेठ आहेत हो," तो कुजबुजला.

"माहीत आहे. मी काही बहिरा नाही."

"मग?"

"मग काय? वाजू दे."

असे बरेच सामने गेले. घरी मास्तरांची बायको वैतागली. सामन्याच्या दिवशी ती वर काचेच्या खोलीत भावाशेजारच्या खुर्चीत बसायची, आणि न उचललेल्या फोनचा सगळा राग तिलाच ऐकावा लागायचा.

"अहो, एकदा उचललात तर काय हात झडणार आहे का?" ती म्हणाली. "दादा वर तडफडतो, तुम्ही खाली तोंड फुगवून बसता. तुमच्या दोघांच्या लाथा खाणारा चेंडू मात्र मी."

"आज गोली त्यांचा घेतला, तर उद्या सगळा संघ त्यांचा होईल. मग मी तिथे कशाला? शिट्टी फुंकायला?"

"तो मालक आहे."

"मैदानाचा आहे. खेळाचा नाही."

हंगाम संपत आला तेव्हा एका तगड्या संघाशी सामना होता. सकाळीच वर बोलावणं आलं. शेठनी मास्तरांना बसायलाही सांगितलं नाही.

"पूर्वार्ध खेळू दे तुमच्या त्या डिंक्याला. मध्यंतराला तो बाहेर आणि माझा गोली आत. आज पाहुणे आलेत बघायला. हे झालं नाही, कोच, तर उद्यापासून त्या बाकावर दुसरा माणूस बसेल. बहीण माझी असली तरी."

मास्तर तसेच वळून बाहेर पडले. जिना उतरताना त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. नोकरी जाईल याची भीती होतीच, नव्हती असं कशाला म्हणा. पण डिंक्याच्या तोंडाकडे बघून "बाळा, बस बाहेर," म्हणायचं, तेही तो चांगला खेळत असताना, हे त्यांच्या जिभेवर येणंच शक्य नव्हतं.

पूर्वार्धात डिंक्या जिवावर उदार होऊन खेळला आणि संघ एका गोलने पुढे गेला. मध्यंतराला पोरं पाणी पीत होती, तेवढ्यात दारात शेठ उभे. मागे दोन पाहुणे.

"काय कोच, बदल सांगताय ना?"

"सांगतो की," मास्तर म्हणाले.

त्या लीगमध्ये एका सामन्यात तीनच खेळाडू बदलता येत. मास्तरांनी बोट उचललं आणि पुढच्या फळीतला एक, मधला एक आणि उजव्या बाजूने वाऱ्यासारखा पळणारा एक, असे तिघे बाहेर काढले. त्यांच्या जागी तिघे आत. पोस्टर हातमोजे चढवून उभा राहिला होता, तो तसाच राहिला.

शेठना उमगायला थोडा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"तीन झाले, शेठ," मास्तर शांतपणे म्हणाले. "संपले. आता मी गोली बदलतो म्हटलं तरी रेफरी बदलू देणार नाही."

मास्तरांना त्या क्षणी जो आनंद झाला, तो कप जिंकूनही झाला नसता. पण उजव्या बाजूचा तो पोरगा बूट सोडता सोडता म्हणाला, "मास्तर, माझं काय चुकलं?" "काही नाही रे," एवढं बोलून मास्तर बाहेर पडले. त्या आनंदात मिठाचा खडा पडला तो तिथेच.

उत्तरार्ध जेमतेम रंगात आला होता. उंचावरून चेंडू आला, डिंक्या झेपावला, समोरचा गडी अंगावर आदळला आणि डिंक्या मनगट धरून लोळू लागला. चेंडू तेव्हाही त्याने पोटाशी दाबून ठेवला होता. डॉक्टर पळत गेले, हात बघितला आणि बाकाकडे वळून नकाराची मान हलवली.

पोस्टर बाकावर बसला होता, पण आता त्याचा उपयोग शून्य. हे त्यांचंच पाप होतं, शेठचं नाही.

आणि लाल फोन वाजला.

सगळा बाक मास्तरांकडे बघू लागला. मास्तरांनी हात लांब केला आणि पहिल्यांदाच तो फोन उचलला.

"बोला दादा."

मैदानावर त्यांनी दादा म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. होयबाने तर कानच टवकारले.

"बघितलंत?" वरून आरडाओरडा आला. "सांगत होतो मी! बघितलंत काय करून ठेवलंत?"

"बघितलं. माझी चूक आहे. आता तुम्ही सांगा, गोलात कुणाला उभं करू? दहा जण राहिलेत. वरून सगळे स्पष्ट दिसतात तुम्हाला. एक नाव घ्या, त्याला उभा करतो. आज तुमचं ऐकतो."

पलीकडून काहीच आलं नाही. मास्तरांनी फोन होयबालाही ऐकू येईल असा मधे धरला. आत फक्त श्वासाचा आवाज येत होता.

"दादा, रेफरी थांबलाय," मास्तर म्हणाले. "कोण?"

"ते..." शेठ अडखळले. "ते तुमचं काम आहे!" आणि फोन आदळला.

"ऐकलंस?" मास्तरांनी होयबाला विचारलं.

"ऐकलं."

"काय म्हणाले?"

"तुमचं काम आहे म्हणाले."

मास्तर उठले आणि त्यांनी बचावातल्या एका आडदांड पोराला हातमोजे दिले. लहानपणी तो भावांच्या गल्लीतल्या सामन्यांत गोलात उभा राहायचा, हे त्यांना माहीत होतं. पोराने जीव तोडून दोन-तीन चेंडू अडवले. तरी दोन गोल झाले आणि सामना हातचा गेला.

नंतर ड्रेसिंग रूममध्ये मास्तर सगळ्यांसमोर उभे राहिले. "आजचे तीन बदल मी खेळासाठी नाही केले. शेठची जिरवायला केले. त्यात तुम्ही भरडले गेलात. माफ करा."

मग हात गळ्यात अडकवलेला डिंक्या म्हणाला, "मास्तर, शब्द पाळलात तुम्ही. पण पुढच्या वेळी पाळताना एक बदल खिशात ठेवा." उजव्या बाजूचा तो पोरगा पहिला हसला, म्हणून मग सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी शेठनी कारखान्यातल्या ऑफिसात बोलावलं. भिंतीभर फरशांचे नमुने लावलेले होते. आज खुर्ची पुढे सरकवली गेली.

"बसा भाऊजी," शेठ म्हणाले. क्लबाच्या कामासाठी बोलावून भाऊजी म्हटलं, तेव्हाच मास्तर सावध झाले. "घरातली माणसं आपण. पेपरवाले बाहेर बसलेत. एवढंच सांगा, की मालकांनी गोलकीपर बदलायला सांगितलं होतं, त्यांचं बरोबर होतं आणि मी ऐकलं नाही. विषय संपला. तुमचा बाक तुम्हाला."

"माझं चुकलं हे सांगतो. चारचौघांत सांगतो, पोरांना सांगितलंच आहे. पण तुमचं बरोबर होतं, हे नाही सांगणार."

"का?"

"कारण ते नव्हतं. डिंक्याचा हात मोडेल म्हणून थोडंच तुम्ही त्याला काढत होतात? तो तुम्हाला उलट बोलला म्हणून काढत होतात. माझ्या चुकीने तुमची चूक धुतली जात नाही, दादा."

शेठनी एक फरशी उचलली, पालथी केली, परत ठेवली. "मग आजपासून यायचं नाही."

"नाही येत," मास्तर उठत म्हणाले. "फोन मात्र काढू नका. तुमच्याकडे उत्तर असेल तेव्हा वाजवा."

बाहेर पेपरवाल्यांना त्यांनी जे कबूल केलं होतं तेवढंच सांगितलं. त्यापुढे एक अक्षर नाही.

घरी बायकोने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. मास्तरांना वाटलं, आता भावाच्या वतीने बोलणी खावी लागणार. पण ती म्हणाली, "काल फोन हातात धरून दादा माझ्याकडे बघत होता. अहो, माझ्याकडे! डोळ्यांनी विचारत होता, कुणाला उभं करायचं म्हणून. मला साधं ऑफसाइड कळत नाही." तिला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. "भाऊ आहे हो तो माझा. पण इतका रिकामा चेहरा मी त्याचा कधी बघितला नव्हता."

पुढच्या सामन्याला मास्तर तिकीट काढून गेले आणि बाकाच्या बरोबर मागे, सिमेंटच्या पायरीवर बसले. ओळखीच्या लोकांनी जागा करून दिली. थोड्या वेळाने गर्दीतून वाट काढत बायको आली. वर काचेत शेठ दिसत होते, आणि त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

"वर सावली आहे," मास्तर म्हणाले.

"सरका जरा," ती म्हणाली आणि पायरीवर रुमाल टाकून बसली.

खाली बाकावर आता होयबा कोच होता. शेठनी त्यालाच बढती दिली होती. मान हलवणारा माणूस, याहून सोयीचं काय? त्याच्या शेजारी प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन डिंक्या बसला होता. गोलात पोस्टर नव्हता. होयबाने राखीव संघातल्या एका बुटक्या, चपळ गोलकीपरला उतरवलं होतं. वर काचेच्या खोलीत हालचाल सुरू झाली, आणि फोन वाजला.

होयबा वळला. त्याने फोनकडे बघितलं, डिंक्याकडे बघितलं. डिंक्या मुद्दाम दुसरीकडे बघत राहिला. होयबाचा हात पुढे गेला.

"गेला," मास्तर पुटपुटले.

होयबाने फोन कानाला लावला. बराच वेळ वरचं बोलणं ऐकलं, सवयीने दोनदा मानही डोलवली. मग तो उभा राहिला. आवाज कापत होता, पण मागच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू आला.

"शेठ, ते माझं काम आहे."

त्याने फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजायला लागला. होयबा रेषेपाशी जाऊन दोन्ही हात तोंडाशी धरून पोरांना ओरडून सांगू लागला, डावीकडे सरका, डावीकडे. मास्तरांनी बघितलं, डावीकडेच सरकायला हवं होतं.