चऱ्यात राहिलेली काळी भुकटी

“ताई, कान लाव ना. दाणा अजून बोलतोय.”

धाकटीचा हा आवाज माझ्या पोटात अजून घुमतो. मित्रांनो, मी एक जुना खल आहे, अकीकाच्या दगडाचा. कारागिराने मला कापलं, पोखरलं, घासून घासून गुळगुळीत केलं, जोडीला बत्ता दिला आणि मी एका प्रयोगशाळेच्या ओट्यावर आलो. तिथे दोन संशोधक मुली होत्या. नात्याच्या नव्हेत, तरी सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरलीनेच धाकटीला घासायला शिकवलं. दाणा करकरतो तोवर हात थांबवायचा नाही. तो गप्प झाला की पीठ झालं.

भट्टीतून निघालेलं ते पीठ काळं असायचं. लँथेनम, मँगेनीज आणि ऑक्सिजन यांनी मिळून बांधलेलं ते घर. अशा बांधणीला पेरॉव्हस्काइट म्हणतात. हे शुद्ध पीठ खोलीच्या साध्या तापमानाला लोहचुंबकाकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि वीज त्यातून रडतखडत जाते. पण काही लँथेनम काढून तिथे स्ट्रॉन्शियम बसवा. लँथेनम घराला तीन इलेक्ट्रॉन देतो, स्ट्रॉन्शियम दोनच. उणं पडलेलं मँगेनीजला भरावं लागतं, म्हणून काही मँगेनीजपाशी एक जागा रिकामी होते. शेजारचा इलेक्ट्रॉन तिथे उडी घेतो. वीज धावू लागते. मँगेनीजचा प्रत्येक अणू म्हणजे एक चिमुकला चुंबक; ती उडी सोपी व्हावी म्हणून शेजारचे अणू एकाच दिशेला तोंड करतात, आणि पीठ लोहचुंबकाला जाऊन चिकटतं. घर तेच, बिऱ्हाड बदललेलं. रंग मात्र दोन्हींचा काळाच.

थोरली स्ट्रॉन्शियमचं पीठ करायची, धाकटी शुद्ध. एकदा मी ओट्यावरून घसरलो आणि माझ्या तळाशी केसाएवढा चरा पडला. तेव्हापासून प्रत्येक कामानंतर मला आम्लाने धुवायचं ठरलं होतं.

एका दुपारी थोरलीची भट्टीची पाळी आली होती. तिने घासलेलं आपलं पीठ काढून घेतलं, मला नुसतं कापसाने पुसलं आणि ती धावली.

“ताई, खल धुतलायस ना?” धाकटीने मागून विचारलं.

“हो गं बाई. तोंड बघून घे त्यात.”

धाकटी हसली. तिने शुद्ध पीठ माझ्यात ओतलं.

ते पीठ लोहचुंबकाकडे ओढलं गेलं. थोडंसंच, पण गेलं. शुद्ध पीठ असं ओढलं जाणं म्हणजे नवा शोध, म्हणून त्यांचे मार्गदर्शक सर खूश झाले. धाकटीने भरल्या सभेत ते सांगितलं. मग मला आम्लाने धुऊन तिने तेच पीठ पुन्हा केलं, तीनदा केलं. एकदाही ते हललं नाही.

“आकडे रंगवलेस का?” सरांनी विचारलं.

“नाही सर.”

थोरली मोरीपाशी उभी होती. नळ वाहत होता, हातात काहीच नव्हतं. तिचा प्रबंध आठवड्यावर आला होता. माझ्या चऱ्यातून काय गेलं ते मला ठाऊक होतं, आणि त्या वाहत्या नळाकडे पाहून वाटलं, तिलाही. पण दगडाला कुठली जीभ?

धाकटीला प्रयोगशाळा सोडून जावं लागलं. जाण्याआधी तिने मला धुतलं, कोरडं केलं, फडक्यात गुंडाळलं. “ताई, जप हं याला,” एवढंच म्हणाली.

पुढे दळायला यंत्र आलं. मी फळीवर गेलो आणि माझ्यात टाचण्या साठू लागल्या. थोरली विभागाची प्रमुख झाली. तिने मला वापरलं नाही आणि टाकूनही दिलं नाही. कधी टाचणी घ्यायला आली, तर बोट चऱ्यापर्यंत पोचू द्यायची नाही.

काल शाळेची मुलं प्रयोगशाळा बघायला आली. थोरली त्यांना सगळं दाखवत होती. मुलांसोबत त्यांच्या बाई होत्या, केस पिकलेल्या. त्यांनी टाचण्या काढल्या आणि अंगठा माझ्या तळाशी फिरवला. तो हात मी ओळखला.

मित्रांनो, मला कपाटात मिरवू नका. मला फक्त नीट धुवा, आणि धुतलं नसेल तर तसं सांगा. काळ्यात काळं मिसळलं की डोळ्यांना दिसत नाही.

“ताई, हा अजून आहे?” धाकटी म्हणाली. “थांब, जरा धुऊन घेते.”

थोरलीने तिचा हात धरला.

“धुऊ नकोस,” ती म्हणाली. “आधी ऐक. त्या दुपारी खल मी धुतला नव्हता. तू सरांपुढे उभी होतीस ना, तेव्हाच मला कळलं होतं.”