रांगेतला शेवटचा

रंगाऱ्याने रोलर पांढऱ्या रंगात बुडवला आणि भिंतीवरच्या पहिल्या वानराच्या पाठीवरून फिरवला. रंगाचे दोन हात बसले आणि वानर गेलं.

"थांबा जरा," बाई म्हणाल्या.

रंगाऱ्याने संग्रहालयाच्या संचालिकेकडे पाहिलं. ती एके काळी बाईंची विद्यार्थिनी होती. तिने मान हलवली तसा रोलर पुन्हा चालू लागला.

"बाई, तुम्हाला तर बरं वाटायला हवं. हे चित्र चुकीचं आहे म्हणून इतकी वर्षं तुम्हीच सांगत होतात."

ते खरंच होतं. आधी चार पायांवरचं वानर, मग वाकलेलं, मग अर्धवट उभं, आणि सगळ्यांत पुढे भाला घेतलेला ताठ माणूस. बाईंचा जन्म मानववंशशास्त्र शिकवण्यात गेला, आणि त्यातला अर्धा या रांगेशी भांडण्यात. माणूस हा माकडाचा मुलगा नव्हे, लांबचा चुलतभाऊ. उत्क्रांती म्हणजे रांग नव्हे, फांद्या फुटत गेलेलं झाड. सांगून सांगून घसा बसला. रांगेला त्याचं काय? ती गादीच्या जाहिरातीत गेली, टी-शर्टवर गेली, लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा चढली. घरी दीर म्हणायचे, "वहिनी, तुमच्या माहेरी असतील माकडं. आमच्याकडे नव्हती हो."

"मी दुरुस्त करा म्हणत होते, पुसा नव्हे. इथे झाड कधी काढणार?"

"झाड नाही, बाई. लोकांना फोटो काढायला मोकळी भिंत हवी आहे." संचालिकेचा आवाज खाली आला. "पुस्तकातून उत्क्रांतीचा धडा गेला, तेव्हापासून शाळा विचारत होत्या, हे दालन ठेवलंय कशाला. आमच्या समितीला चित्र पुसायला कारण हवं होतं. मी तुमचं मत सांगितलं. तज्ज्ञांचंच मत म्हटल्यावर कोणी वाद घातला नाही."

बाई बाकावर बसल्या. करायला गेले काय आणि झाले उलटे पाय. आयुष्यभर पावलांचे ठसे वाचले, पण आपली पावलं कुठे पडतायत ते दिसलं नाही. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. पुस्तकात नाही, भिंतीवर नाही. आता मुलांना हे कळणार कुठून?

"मग चुकीचंच राहू दे," त्या म्हणाल्या.

रंगारी भालेवाल्यापाशी पोचला होता.

"मॅडम, यालाही घालवू?"

"राहू दे त्याला. फोटोत बरा दिसेल."

रंगाऱ्याने डबा उचलला. तेवढ्यात एक गृहस्थ छोट्या मुलीला घेऊन दालनात आले. मुलगी थेट भिंतीसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, हा एकटाच कुठे चाललाय?"

"शिकारीला," बाबा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले.

"आणि याच्या घरचे?"

बाबांनी मान वर करून बाकावरच्या वयस्कर बाईंकडे पाहिलं. बाई उठल्या, मुलीजवळ गेल्या. झाड, फांद्या, चुलतभाऊ, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी एकदा खाकरून घसा साफ केला.

"आहेत ना," त्या म्हणाल्या. "त्याच्या मागून येतायत. सगळे एका रांगेत."

मुलीने ओली पांढरी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिली.

"कुठे?" तिने विचारलं.