तोंडी परीक्षा

"ही माळ फ्रिजात ठिवली तर चालंल का वो, सिन्योरा? पानं सुकायला नकोत," जेरार्दाने विचारलं तेव्हा माझे दोन्ही हात पिठात होते. मी मानेनेच हो म्हटलं. तमालपत्राच्या हिरव्या पानांची गोल माळ, तिला लाल रेशमी फीत. आमच्या बोलोन्यात पदवी मिळाली की ती डोक्यावर घालतात आणि दिवसभर नवरदेवासारखं मिरवतात. जेरार्दाने दुधाची बाटली सरकवून माळेला जागा केली आणि दार लावण्याआधी फीत पुन्हा एकदा सारखी केली.

मला ते बघवेना. ती माळ कुणाच्या डोक्यावर जायची नाही हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं. एक मी, आणि दुसरा आतल्या खोलीत कोट चढवत असलेला तिचा मुलगा.

एजिदिओ आठ वर्षं माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होता. दक्षिणेकडच्या डोंगरातलं गाव, बाप प्रॉस्पेरो गावच्या पाणीयोजनेवर पंप मेकॅनिक. पोरगा इथे विद्यापीठात इतिहास शिकत होता. इतिहास शिकून पुढे काय करतात ते त्या गावात कुणालाच माहीत नव्हतं, पण दोत्तोरे, म्हणजे डॉक्टर, होतात हे माहीत होतं. आमच्याकडे पदवी घेतली की कुणीही दोत्तोरे होतो, मग त्याने जन्मात कुणाची नाडी बघितली नसली तरी चालतं.

मला विचाराल तर मी, दिर्चे, पाचवीनंतर शाळेला रामराम ठोकलेली बाई. चौदाव्या वर्षापासून बाजारातल्या दुकानात अंड्यात मळलेल्या पिठाची पोळी लाटते आणि तिची तोर्तेल्लीनी करते. नखाएवढं सारण, करंगळीभोवती गुंडाळायचं आणि टोकं चिमटायची. नवरा गेल्यावर मागची खोली विद्यार्थ्यांना देऊ लागले. एकेक पोरगा शिकून बाहेर पडला की दुकानात मी 'माझा दोत्तोरे' म्हणून छाती फुगवून सांगायचे. एजिदिओचंही तसं सांगून झालं होतं, अगदी तारखेसकट.

तीन दिवसांपूर्वी तो जिन्यात धापा टाकत आला. मी म्हटलं, कुठून पळत आलास? म्हणाला, "उंच मनोऱ्यावर गेलो होतो." आमच्याकडची जुनी समजूत अशी की शिकायला आलेलं पोर पदवी हाती पडेपर्यंत त्या मनोऱ्याची पायरी चढत नाही. चढलं की पदवी गेलीच म्हणून समजा.

"अरे गाढवा, तीन दिवस दम निघाला नाही? आता कुठली पदवी तुला!" मी हसत म्हटलं.

"म्हणूनच चढलो, सिन्योरा," तो म्हणाला.

तो हसत नव्हता. तिथेच पायरीवर बसून त्याने सगळं सांगितलं. चार वर्षांत एकही परीक्षा दिली नव्हती. एकदा नापास झाला, घरी पास म्हणून सांगितलं, आणि मग एका खोट्याला दुसरं जोडत गेला. सकाळी दप्तर घेऊन निघायचा तो नदीच्या बाजूला जाऊन बसायचा. प्रबंध नव्हता, मार्गदर्शक नव्हता. गुरुवारची तारीखसुद्धा त्याने मनाने ठोकून दिली होती. "मला झोप लागत नाही हो," म्हणाला. "खरं सांगून टाकलं तर लागेल असं वाटतं."

मी त्याचं डोकं कुरवाळलं. "तू सांग. मी तुझ्या पाठीशी उभी राहते. खायला काय उठणार आहेत तुला?" असं मीच म्हणाले होते.

आणि त्याने सांगितलं. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

गुरुवारी सकाळी साडेसातला, कोट घालून, भांग पाडून तो स्वयंपाकघरात आला. प्रॉस्पेरो खिडकीशी कॉफी घेत होता. एजिदिओची आत्या फिलोमेना रात्रभर बसचा प्रवास करून उतरली ती तडक चर्चला गेली होती. दहापर्यंत यायची नव्हती.

"बाबा, आज काही नाही," एजिदिओ म्हणाला. शब्द स्पष्ट होते. "पदवीच्या यादीत माझं नाव नाही. चार वर्षांत मी एक परीक्षा दिलेली नाही. खोटं बोललो मी."

प्रॉस्पेरोने कप खाली ठेवला. पंपाचा माणूस तो, त्याने आधी बिघाड किती आहे ते विचारलं. "किती ऱ्हायल्यात?"

"अकरा."

"दोन वर्सांत व्हतील?"

"नाही बाबा. मला जमत नाही ते. मी गावी येतो, तुमच्या हाताखाली काम करतो. पण खरं सांगून."

जेरार्दा इतका वेळ फ्रिजला पाठ लावून उभी होती. ती रडेल, दोन थोबाडीत देईल, असं मला वाटलं होतं. तिने विचारलं, "आत्याला बोललास?"

"नाही."

"आनि कुनाला?"

"सिन्योराला."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे सांगू लागली, जणू बाजाराची यादी वाचत होती. फादरनी रविवारी चर्चमध्ये नाव पुकारलं होतं. पदवीला वाटायच्या लाल साखरबदामाच्या दोनशे पुड्या बांधून झाल्या होत्या, अर्ध्या वाटूनही झाल्या. गावच्या बेकरीत पोराचा फोटो लागला होता. "आनि हितली यादी वाचायला तिथून कोन येनार हाये?" ती म्हणाली. "आत्याला म्हनायचं, ऐन वक्ताला आठलाच बोलावलं. तोंडी परीक्षा झाली, दोत्तोरे झाला, सपलं."

"आई, मी झोपलो नाहीये. चार वर्षं."

"आज झोपशील," प्रॉस्पेरो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "फिलोमेना घरी जाईस्तोवर तरी आईचं ऐक. फुडचं फुडं बघू."

एजिदिओ माझ्याकडे वळला. नुसता बघत राहिला. माझी पाळी होती. 'जेरार्दा, पोराला सुटू दे' एवढे चार शब्द म्हणायचे होते.

मी म्हटले नाहीत. परक्यांच्या घरगुती गोष्टीत नाक खुपसू नये, असं मनाला समजावलं. पण खरं सांगायचं तर दुकानातल्या बायका डोळ्यांपुढे आल्या, ज्यांना मी तारीख सांगून ठेवली होती. मी खाली मान घालून तोर्तेल्लीनीची टोकं चिमटत राहिले. एक, आणखी एक, आणखी एक. मान वर केली तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता, आणि जेरार्दा फ्रिज उघडत होती.

आत्या आली आणि हिरमुसली. "मला सोडून उरकलंत व्हय? एवढ्या लांबून म्या काय मेनबत्त्या लावाया आले?"

"परीक्षकांची घाई होती, आत्या," एजिदिओ म्हणाला. इतकं सरळ म्हणाला की मीसुद्धा क्षणभर विश्वास ठेवला.

मग फोटो. सगळे एका फोटोत हवेत म्हणून तो काढायला मलाही ओढून नेलं. विद्यापीठाच्या कमानीखाली त्या दिवशी जत्रा होती. माळा घातलेली दहा-बारा खरी पोरं, आया, आज्या, फसफसत उघडणाऱ्या दारूच्या बाटल्या. जेरार्दाने एजिदिओच्या डोक्यावर माळ ठेवली, फीत खांद्यावर पुढे घेतली. ती दिसताच शेजारच्या घोळक्याने टाळ्या पिटल्या आणि दोत्तोरे दोत्तोरे म्हणून आरोळी ठोकली. माळ दिसली की ओरडायचं, एवढंच त्यांना माहीत. एका म्हाताऱ्याने त्याचा हात हातात घेऊन हलवला. एजिदिओ आभार मानत होता.

"हस की रं," आत्या म्हणाली. "मयताला आल्यावानी काय हुबा ऱ्हातोस?"

तो हसला. फोटो मीच काढला. चांगला आला.

दुपारी माझ्याच टेबलावर जेवण. कोंबडीच्या रश्शात सोडलेली तोर्तेल्लीनी, सकाळी त्या सगळ्या बोलण्यात वळलेली. एकही फुटली नव्हती. मी वाढायला उभी राहिले आणि सवयीने म्हणाले, "एजिदिओ, ताट पुढे कर रे."

"आता असं न्हाई चालायचं, सिन्योरा," आत्या हसत म्हणाली. "नीट मान देऊन बोला. आजपासनं दोत्तोरे हाये त्यो."

जेरार्दा माझ्याकडे बघत होती. प्रॉस्पेरो पावाचा तुकडा चुरत होता. मी पळी रश्शात बुडवली.

"दोत्तोरे," मी म्हणाले, "तुम्ही घ्या ना अजून थोडं."

आठ वर्षं मी त्या पोराला अरेतुरे केलं होतं. तापात त्याचे पाय चेपले होते, दारू पिऊन आला तेव्हा शिव्या घातल्या होत्या. 'तुम्ही' ऐकताच त्याने ताटावरून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी पाहुण्यासारखं म्हणाला, "आभारी आहे, सिन्योरा. पुरे." संध्याकाळच्या बसने तो त्यांच्याबरोबर गेला. पुस्तकांची दोन खोकी सोडून गेला, ती कधी कुणी मागितली नाहीत.

हिवाळाभर मला चैन पडली नाही. लिहायची सवय नाही, तरी फेब्रुवारीत बसून पत्र लिहिलं. पोरा, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. तू धीर केलास, मी शेपूट घातली. मला माफ कर. खोली अजून रिकामी आहे, वाटलं तर ये, इथे कुणाला काही सांगावं लागणार नाही. चार वेळा खाडाखोड करून पाठवलं.

महिन्याने उत्तर आलं. पाकिटावर पाणीयोजनेचा शिक्का होता. आत पाचच ओळी. तब्येत चांगली आहे. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून पंपाचं बरंचसं काम मीच बघतो. आईने नमस्कार सांगितला आहे. तुम्ही कशाबद्दल माफी मागता ते मला समजलं नाही. माझी तोंडी परीक्षा फार चांगली झाली होती.

खाली सही होती, दोत्तोरे एजिदिओ. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. अक्षर त्याच्या आईचं असेल असं मला फार वाटत होतं. पण आठ वर्षं त्याच्या चिठ्ठ्या मी फ्रिजच्या दारावर वाचल्या आहेत. ते त्याचंच होतं.