खरं माप

शिवणकामाच्या त्या दुकानात सासूबाईंच्या परवानगीशिवाय सुईत दोरा जात नसे. अशा बाईला डॉक्टरांनी सांगितलं, "तुमची किडनी मंदावलीय. किडनीच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा. त्याआधी दिवसरात्रीची सगळी लघवी या कॅनमध्ये जमा करून तपासायला द्या."

घरी सुनेनं समजावलं, "आई, किडनी म्हणजे गाळणी. नको ते बाहेर टाकते, हवं ते राखते. तुमच्या गाळणीतून हवं तेही निसटतंय. किती, ते यावरून कळेल."

"आणि गाळणी बंदच पडली तर?"

"मग रक्त गाळायचं मशीन लावतात. ते लागू नये म्हणून तर वेळेवर जातोय."

सासूबाईंच्या डोक्यात मशीन तेवढं रुतून बसलं. त्या दवाखान्यात अडकल्या तर दुकान कोण बघणार? सून? तिची शिवण अजून नागमोडी जायची.

संध्याकाळी त्यांनी कॅन हलवून पाहिला. अर्धासुद्धा भरला नव्हता. आजवर कशात कमी पडल्या नव्हत्या, त्या यात पडणार होत्या? त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

"अहो, यात करा."

"मी? माझी किडनी ठणठणीत आहे."

"म्हणूनच सांगतेय. जन्मभर आयतं खाल्लंत, आता थोडं कामाला या."

सकाळी कॅन गळ्यापर्यंत भरलेला. सासूबाईंनी तो ऐटीत सुनेपुढे ठेवला. सुनेनं कॅनकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. ते मान खाली घालून बॉबिन भरत होते.

"बाबा?"

"मी फक्त हातभार लावला."

सून हसता हसता कापडाच्या गठ्ठ्यावरच बसली. डोळे पुसत म्हणाली, "आई, माप घेताना गिऱ्हाईकानं पोट आत ओढलं तर?"

"चार शब्द सुनावते आणि पुन्हा माप घेते. खोट्या मापाचा कपडा खऱ्या अंगाला बसतो होय..." सासूबाई मध्येच थांबल्या. कॅनकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "दात काय काढतेस? जा, नवा कॅन आण."

या वेळी नवऱ्याला त्यांनी कॅनच्या आसपास फिरकू दिलं नाही. उशीखाली दडवून गुपचूप घेत असलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्याही काढून रिपोर्टांच्या पिशवीत टाकल्या. माप खरं द्यायचं, तर सगळंच खरं.

मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या आधी बाजूला काढल्या. "या बंद, यांनीच किडनीला त्रास होतो. मीठ कमी, बीपी ताब्यात. गळती थोडीच आहे, वेळेत आलात. सध्या मशीनचा विचारही नको."

बाहेर पडताना सासूबाईंची मान ताठ. "ऐकलंत? माझ्या एकटीच्या मापावर पास झाले."

"हो," नवरा म्हणाला, "पण सराव माझ्याबरोबर केलास."

सासूबाईंनी डोळे वटारले, आणि सुनेच्या आधी त्याच हसत सुटल्या.