गुरुवारच्या सभेची सतरंजी

ज्या सालाची ही हकिगत आहे, ते साल २०१८. मित्रांनो, त्या वर्षी मला चाळिशी गाठायला एक वर्ष कमी होते. मी एक निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जुनी सतरंजी आहे. माझा निळा आता राखेसारखा दिसतो, पण काठ उलटून पाहिला तर मूळचा रंग अजून सापडतो.

माझा जन्म भिंगारचा. अझीमभाई नावाच्या विणकराने मला खड्ड्याच्या मागावर विणले. सुताचा ताणा, सुताचा बाणा आणि वरून लोखंडी पंजाचे ठोके. अझीमभाई मितभाषी होते. श्रीरामपूरकडच्या एका वाडीचे पाळकसाहेब, तिथल्या ख्रिस्ती मंडळींचे धर्मगुरू, मला न्यायला आले, तेव्हा अझीमभाई एवढेच म्हणाले, "साहेब, सतरंजी बसून फाटत नाही, ठेवून फाटते. दर वेळी घडी बदला. एकाच घडीवर ठेवाल तर घडीवरच जाईल." माझ्याबरोबर हे बोलणेही वाडीत आले आणि घरोघर फिरले.

त्या वाडीत ख्रिस्ती मंडळींची पंधरा घरे होती. दर गुरुवारी संध्याकाळी एकेका घरी प्रार्थनासभा भरे. सभा संपली की जिच्या घरी पुढची सभा, तिने मला घडी घालून डोक्यावरून न्यायचे, अशी रीत होती. सतरंजी जिथे, सभा तिथे. माझ्यावर किती गुडघे टेकले, किती चहा सांडला आणि प्रार्थना लांबली म्हणून किती लेकरे झोपून गेली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. मला मात्र एक गोष्ट समजू लागली. माणसाचे मन शांत आहे की नाही, हे मला त्याच्या हातांवरून कळे. अस्वस्थ माणूस माझ्या काठाचे गोंडे पिळत बसतो.

गोजरबाईने कधी गोंडे पिळले नव्हते. नवरा लवकर गेलेला, पदरात एकटा अमृत, तरी सभेत गाताना बाईचा सूर सर्वांच्या वर असायचा. तेव्हाचे सुहास पाळक हसून म्हणत, "गोजरबाई, जरा हळू. देवाला ऐकू येतं."

"देवाला येतं हो. पर मागल्या वळीतल्या बाया झोपल्यात, त्यान्ला कोन उठवनार?"

त्या उन्हाळ्यात अमृत गेला. शेजारच्या गल्लीतल्या शरिफाचा इम्रान हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. इम्रानचा टेम्पो होता. दोघे घोडेगावच्या बाजारात शेळ्या पोहोचवून परत येत होते आणि गाव जवळ आले असताना टेम्पो उलटला. चालवत होता इम्रान. त्याला खरचटले. अमृत जागीच गेला.

त्यानंतरच्या गुरुवारी गोजरबाई सभेला आली आणि नेहमीच्या जागी बसली. शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. तिच्यात एक ओळ क्षमेची आहे, आपण दुसऱ्याला क्षमा केली असे देवाला सांगायची. त्या ओळीला गोजरबाईचे ओठ मिटले. ओळ संपल्यावर ती पुन्हा सर्वांत मिसळली. कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्या आले, कारण तेवढा वेळ माझा एक गोंडा तिच्या मुठीत होता. पुढच्या गुरुवारी तेच, त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच.

मग तिच्या घरची पाळी आली. तिने मला डोक्यावरून नेले आणि लोखंडी पेटीत ठेवून दिले. गुरुवारी मंडळी आली, तर म्हणाली, "आज न्हाई. अंगात कणकण हाय." पुढच्या गुरुवारी गुडघा दुखत होता. त्यानंतर तिने कारण सांगणेही सोडले. मंडळींना दुसरी सतरंजी आणता आली असती, पण कोणी आणली नाही. ते दर गुरुवारी तिच्या अंगणात येत, उभ्या-उभ्या प्रार्थना करत आणि जात. एकदा कोणी बाई दारातूनच म्हणाली, "गोजरबाई, सतरंजीचं लोनचं घातलं का काय?" सात महिने मी त्या पेटीत होते, एकाच घडीवर.

नाताळ जवळ आला, तशी तिने घर सारवायला काढले. पेटी रिकामी करताना तिने मला उलगडले. मधल्या घडीवर मी हातभर फाटले होते. तिने त्या फटीतून बोटे घातली. ती आरपार गेली. भिंगारच्या त्या विणकराचे बोलणे तिला पाठ होते. तिनेच कितीतरी नव्या सुनांना ते ऐकवले होते. तिने माझी घडी घातली. मग उठली आणि मला डोक्यावर घेऊन निघाली.

वाडीत जाड शिवण एकटी शरिफा करत असे, गोधड्या शिवणारी. शरिफाने दार उघडले आणि चौकट धरून उभी राहिली. त्या अपघातानंतर दोघी समोरासमोर आल्या नव्हत्या.

"सतरंजी फाटली," गोजरबाई म्हणाली. "तुज्याबिगर हे कोन शिवनार?"

"ठिवून जा, गोजरबाई. उद्याच्याला देते."

"ठिवून ठिवूनच ही दशा झाली तिची. शिव तू. मी बसते."

पडवीत मला अंथरले. शरिफा मधोमध दाभण घालू लागली. गोजरबाई एका कोपऱ्याला बसली. अर्धी शिवण झाल्यावर गोजरबाईने विचारले,

"इम्रान कुटं हाय?"

शरिफाचा हात थांबला. "आत. तवापास्नं आतच हाय. टेम्पो इकून टाकला. खातो, झोपतो. आईशीबी बोलत न्हाई."

"बोलव."

"नको बाई. तुमचं तोंड बगितलं तर..."

"माज्या तोंडाला काय झालंय? बोलव त्याला."

इम्रान आला. दाढी वाढलेली, मान खाली. तो माझ्यावर पाय ठेवीना. गोजरबाईने दोनदा "बस" म्हटले, तेव्हा तो समोरच्या कोपऱ्याला टेकला आणि त्याने गोंडा धरला. मित्रांनो, त्या वेळी माझ्या एका कोपऱ्याचा गोंडा ती पिळत होती आणि दुसऱ्या कोपऱ्याचा तो.

कोणी काही विचारले नव्हते. तोच बोलला.

"मावशी, अमृत म्हनला हुता. म्हनला, तुजे डोळे मिटाय लागलेत, थांब, चहा घेऊ. मी म्हनलो, आता घरीच घेऊ. चार किलोमीटर राहिलं हुतं."

हे गोजरबाईला ठाऊक नव्हते. तिने हात टेकून अंग उचलले. तिचा भार माझ्यावरून निघाला आणि मला वाटले, आता ही बाई या घरात पुन्हा येणार नाही. शरिफाही उठून उभी राहिली. गोजरबाई तशीच अर्धी उठलेली राहिली. मग तिने गुडघे माझ्यावर टेकले आणि डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हणू लागली, हळू, एकटीच. ती ओळ आली तशी थांबली. मग ती ओळ तिने म्हटली.

शरिफाला आणि इम्रानला ती प्रार्थना पाठ नव्हती, म्हणून काय घडले ते त्यांना कळले नाही. मला कळले. तिच्या हातातून गोंडा सुटला होता.

"शरिफा," ती डोळे पुसत म्हणाली, "चहा टाक. ह्या पोराचा राहिलाय."

अपघातानंतर इम्रान पहिल्यांदा रडला, असे शरिफा पुढे सांगत असे. चहा निवला, तरी कोणी उठले नाही.

त्या गुरुवारी गोजरबाईच्या घरी सभा बसली. सुहास पाळकांनी तिला बोलायला सांगितले. ती म्हणाली, "मला वाटायचं, प्रभूनं शांती दिली म्हंजे रडू यायचं न्हाई. तसं न्हाई. रडू येतंच. पर आता घास उतरतो अन् झोप लागती. मी ती वळ गिळत हुते, तवर हेच व्हत नव्हतं." एवढे बोलून ती खाली बसली.

पुढे तिने एक काम आपणहून धरले. सभेच्या पाळ्या सांभाळून, ज्या घरी दुःख पडेल त्या घरी ती मला घेऊन जाई. घर कोणाचे हे पाहत नसे. मला अंथरी आणि नुसती बसे. कोणी विचारले, "गोजरबाई, तुला कशानं बरं वाटलं?" तर प्रभूचे नाव घेऊन आपली गोष्ट सांगे. न विचारता सांगत नसे. बायको गेल्यावर माधव गुरुजी कोणाला दारात उभे करत नव्हते. तिला पाहून म्हणाले, "सतरंजी आणलीय म्हणजे ही काही लवकर उठत नाही. या, बसा."

आता त्या साऱ्यांचे काय झाले ते सांगते. अझीमभाई कधीच वारले. त्यांच्या मागाच्या जागी मोबाईलचे दुकान आहे. सुहास पाळकांची बदली झाली. नाताळात त्यांचा फोन येतो. माधव गुरुजी मुलीकडे राहायला गेले. शरिफाला आता सुईत दोरा ओवता येत नाही, पण माझ्यावरची आपली शिवण ती बोटांनी ओळखते. गोजरबाई २०२३ मध्ये प्रभूघरी गेली. तिच्या प्रार्थनेला मंडळी माझ्यावरच बसली आणि मागच्या ओळीत शरिफा होती.

इम्रानने पुन्हा गाडीचे स्टिअरिंग हातात धरले नाही. घोडेगावच्या रस्त्याला त्याचे चहाचे हॉटेल आहे. डोळे जड झालेला ड्रायव्हर त्याला लांबून ओळखू येतो. तो रस्त्यावर येऊन गाडी थांबवतो आणि म्हणतो, "चहा घेऊन जा. घर कुटं पळून जातंय का?"

मी अजून वाडीत आहे. गुरुवार आला की मला उलगडतात. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी सतरंजी असेल, तर तिला पेटीत घालून विसरू नका. तिच्यावर माणसे बसवा. उठताना झटका, ऊन दाखवा आणि कालच्या घडीवर घडी घालू नका.