छाटलेल्या पंखांचे रॉकेट

मित्रांनो, मी एक मॉडेल रॉकेट आहे. म्हातारा म्हणावे एवढे माझे वय नाही. पण माझे नाक काळवंडले आहे, अंगाला पोचे पडले आहेत आणि कोणी कपाटातून काढून हातात घेतले की मला अजून मान वर करवत नाही. का, ते सांगतो.

माझा जन्म संगमनेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात झाला. जाड कागद गुंडाळून माझे अंग केले, टोकाला हलक्या लाकडाचे नाक बसवले आणि शेपटीला तीन पंख चिकटवले. पंखांचे माप रॉकेट करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटातल्या रोहिणीने काढले होते. ही मुलगी बोलायला कमी आणि मोजायला पक्की. बोटावर ठेवल्यावर रॉकेट जिथे तोलून राहते, तो त्याच्या वजनाचा बिंदू. उडताना वाऱ्याचा दाब जिथे एकवटतो, तो दुसरा बिंदू. हा दुसरा पहिल्याच्या मागे, शेपटीकडे हवा. निदान माझ्या जाडीइतका तरी. मग वाऱ्याने ढकलले तरी नाक पुन्हा वाटेवर येते. पंख मोठे केले की दाब मागे सरकतो. पण फारच मोठे केले, तर रॉकेट वारा येईल तिकडे तोंड वळवत जाते. रोहिणीने दोन्हींच्या मधले माप धरले होते.

पंकजला मात्र ते पंख आवडले नाहीत. पंकज गटाचा प्रमुख. कोपरगावकडच्या बागायतदार घरातला, हौशी आणि बोलका.

"पंख्याची पाती लावल्यासारखं दिसतंय हे," तो म्हणाला. "बारीक कर. हवा कमी अडेल, उंच जाईल."

"मोठे नाहीत, लागतात तेवढेच आहेत," रोहिणी म्हणाली. "शेपटीत मोटर भरली की वजन मागं येतं. ते धरून माप काढलंय."

मोटर म्हणजे दारू ठासलेली नळी. तिच्याच जोरावर मी उडतो.

उड्डाणाच्या आदल्या दुपारी रोहिणी वर्गात असताना पंकजने ब्लेडने माझे पंख छाटले, कडा घासल्या आणि वरून चंदेरी रंग दिला. मग तोलाच्या बिंदूवर, कमरेला दोरी बांधून मला डोक्याभोवती गरगर फिरवले. माझे नाक पुढेच राहिले. म्हणजे मी सरळ उडणार, असे वाटून तो खूश झाला. पण तेव्हा माझी शेपटी रिकामी होती, मोटर भरलेलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी माळावर जो तो माझ्यासोबत फोटो काढून घेत होता. "काय देखणं झालंय!" म्हणत होता. मीही फुशारलो. रोहिणी लांब, लोकांना दोरीच्या मागे थांबवायच्या कामावर होती. माझ्यापर्यंत तिला येताच आले नाही.

उड्डाणाच्या उभ्या दांडीवरून सुटेपर्यंत मी सरळ होतो. मग वाऱ्याचा एक झोत आला आणि नाक कलले. ते सावरायला मागे पुरेसे पंख नव्हते. मी कोलांट्या खाल्ल्या आणि जळत्या मोटरीसकट आडवा सुटलो तो थेट माळाशेजारी राहणाऱ्या चांगुणाबाईंच्या वस्तीवर, त्यांच्या कडब्याच्या गंजीत.

वाळलेला कडबा तो. पाणी येईपर्यंत ज्वाळा गोठ्याच्या उंचीला गेल्या. गोठा वाचला, गंजी गेली. चांगुणाबाई दोन्ही गाईंची दावी हातात धरून उभ्या होत्या. "पाऊस पडंस्तोवर ह्यांनी खायाचं काय?" एवढेच त्या म्हणाल्या.

आमच्या गटाचे मार्गदर्शक काकासाहेब सर संतापले होते. "पंखांचं माप कुणाचं होतं?"

"माझं, सर," रोहिणी म्हणाली.

गंजीवर आपटून मी बाहेर मातीत पडलो होतो, म्हणून जळालो नाही; तिथून तिने मला उचलले. तिचा अंगठा माझ्या पंखाच्या कडेवरून फिरला आणि थांबला. तिला कळले. तिने पंकजकडे पाहिले आणि ती वाट पाहत राहिली. पंकज खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागला. नाडी सुटलेली नव्हती.

"उद्यापासून तू या गटात नाहीस," सर रोहिणीला म्हणाले.

पंकजने मला टॉवेलात गुंडाळून बॅगेत ठेवले. पुढे मेसमध्ये कोणीतरी म्हणाले, "रोहिणीचं गणित म्हणजे गंजीला काडी!" सगळे हसले. पंकजही हसला. बॅगेत मी ते हसू ऐकले. पण ताट तसेच टाकून तो उठला. खोलीवर येऊन त्याने माझ्या शेपटीत मोटरीच्या वजनाचा लोखंडी तुकडा बसवला आणि नव्या तोलाच्या जागी दोरी बांधून मला पुन्हा फिरवले. मी शेपटी पुढे करून उलटा फिरलो. त्याने पुन्हा फिरवले. मी पुन्हा उलटाच.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात मला टेबलावर ठेवून तो म्हणाला, "सर, पंख मी छाटले. रोहिणीला माहीतही नव्हतं."

रोहिणी म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. माळावर का नाही बोललास?"

त्या आठवड्यात त्याने घरच्या उसाचे वाढे ट्रॉलीत भरून चांगुणाबाईंच्या वस्तीवर नेले आणि स्वतःच्या हाताने उतरवले. हिरव्या पाल्यावर गाई तुटून पडल्या.

"आनलंस, बरं क्येलं," चांगुणाबाई म्हणाल्या. "पन कडब्यावानी हे लई दिस टिकायचं न्हाई."

"मी परत आणीन, मावशी."

"आन ती पोरगी कुठं हाय? आग लागली तवा पयली बादली तिनं वतली. हात भाजला तिचा. आन तुमी लोकांनी तिलाच बोल लावला व्हय?"

हात भाजल्याचे पंकजला ठाऊकच नव्हते. त्याने विचारलेच नव्हते.

मित्रांनो, सरांनी रोहिणीला परत घेतले आणि आता गट तिच्याकडे आहे. तिने मला मापाचे पंख लावले आणि दूरच्या मोकळ्या माळावरून पुन्हा उडवले. मी सरळ गेलो. टाळ्या झाल्या, पण मला त्या गोड लागल्या नाहीत. पंकज लांब, लोकांना मागे थांबवायला उभा होता.

तुम्ही कधी माझ्यासारखे रॉकेट केलेत, तर ते दिसते कसे एवढ्यावर जाऊ नका. मोटर भरून, दोरी बांधून त्याला एकदा फिरवा, आणि ते उलटे फिरले तर कोणापासून लपवू नका. आम्हांला तोंड नाही. जे सांगायचे ते आम्ही दोरीवर असतानाच सांगतो.