तीन मग पाणी

मित्रांनो, घरामागच्या कोपऱ्यात विटांवर बसलेला हा भोकाभोकांचा स्टीलचा गोल ड्रम पाहिलात? तो मी. आता माझ्या पोटात कचऱ्याचे खत होते. पण माझे तरुणपण वॉशिंग मशीनमध्ये गरागरा फिरण्यात गेले.

त्या काळी माझा थाट होता. आज घरात सगळ्यांना शहाणपण शिकवणारे आजोबांचे चिरंजीव आहेत ना, त्यांची दुपटी मी धुतली आहेत. कोणाच्या खिशात काय राहते, कोण कॉलर आधी घासून टाकते आणि कोण नुसते कपडे फेकून मोकळे होते, सगळे मला पाठ होते. पुढे मशीनची मोटर जळाली. सांगाडा भंगारात गेला; मला मात्र आजोबांनी काढून घेतले. "हा गंजायचा नाही," ते म्हणाले, "ह्याला अजून पुष्कळ आयुष्य आहे." त्यांनी मला येथे मांडले आणि साली, देठ, चहाचा चोथा माझ्यात पडू लागला.

माणसे जोखण्याची माझी सवय काही सुटली नाही. सूनबाईंची साल पातळ, एका दमात उतरलेली. चिरंजीवांची इतकी जाड, की निम्मे फळ माझ्याच वाट्याला. आजोबा सालीबरोबर दोन शब्दही टाकून जातात. पहिल्या वर्षी मी काळेभोर, मोकळे खत दिले. गुलाबांनी माना वर केल्या. शेजारच्या काकू डबा घेऊन खत मागायला आल्या.

या पानगळीत मात्र मला वास सुटला. त्याच काकू नाकाला रुमाल लावून कुंपणाशी उभ्या राहू लागल्या. शेवटी रविवारी सकाळी सूनबाईंनी निकाल दिला, "बाबा, दुपारी भंगारवाला येतोय. तोवर हा रिकामा करून ठेवू या."

आजोबा खुरपे घेऊन वाफ्याकडे वळले. मशीनचा सांगाडा हातगाडीवरून जाताना मी पाहिला होता, मित्रांनो. पुढचे मला ठाऊक होते.

बागेत काम सुरू झाले. चिरंजीव वाळकी पाने झाडून पोत्यात भरू लागले, कचऱ्याच्या गाडीत द्यायला. सूनबाई गुलाब छाटत होत्या. आजोबा वाफ्यात बसले होते, पण त्यांचे खुरपे एकाच जागी फिरत होते. थोड्या वेळाने ते उठले आणि खत सुकू नये म्हणून मगभर पाणी घेऊन माझ्याकडे आले.

"आता कशाला, बाबा?" सूनबाई म्हणाल्या. "मी सकाळीच घातलंय."

"तू?"

"रोज घालते. तुम्ही विसरता म्हणून."

"मी विसरतो? अगं, आंघोळ झाली की माझं पहिलं काम ते."

दोघांनी चिरंजीवांकडे पाहिले. ते पोत्याचे तोंड बांधण्यात फारच गुंतले होते.

"अहो, तुम्हीसुद्धा?"

"ऑफिसला जाताना एक मग घालतो," ते पुटपुटले. "म्हटलं, तुम्ही दोघं आपापल्या कामात, त्याच्याकडे बघतंय कोण? वास यायला लागल्यावर दोन घालायला लागलो."

सूनबाई कात्री खाली ठेवून हसत सुटल्या. "म्हणजे आपण तिघांनी मिळून ह्याला बुडवलाय."

आजोबांनी आत काठी घातली. खाली नुसता गाळ, माझी भोके बुजलेली. "ते पोतं इकडे आण," ते चिरंजीवांना म्हणाले. "ह्याला पाणी नको, पानं हवीत."

मग तिघांनी मला उपसले, भोके काडीने मोकळी केली, आणि एक थर ओला, एक थर पानांचा असे पुन्हा भरले. कितीतरी दिवसांनी माझ्या पोटात वारा खेळला.

दुपारी भंगारवाला आला. सूनबाईंनी त्याला एक फुटकी बादली दिली. त्याने माझ्याकडे बोट दाखवले, तेव्हा म्हणाल्या, "तो नाही. तो कामावर आहे."

हल्ली माझ्याकडे मग घेऊन येण्याआधी घरात हाक जाते, "घातलं का रे कुणी?" मित्रांनो, तुमच्याही घरी झाड असेल, मासा असेल, माझ्यासारखे एखादे जुने भांडे असेल. त्याच्यावर माया जरूर करा. पण आधी घरात एकदा विचारा. आम्हा मुक्यांना 'पुरे' म्हणता येत नाही.